सकाळची बुडी

हॅवलॉक बेट, अंदमान
१२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप तात्याकाका आणि काकू,
सप्रेम जयभीम.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही मान्य करत नाही. नौदलात आयुष्यभर बुड्या मारून कानाचे पडदे समुद्रातच ठेवून आलात, तेव्हा पत्रच बरं.

आधी तक्रार सांगून घेते, म्हणजे पोट मोकळं होईल. मला आमच्या कंपनीच्या लोकांची किळस आली आहे. पुण्यात शनिवार-रविवारी पोहण्याच्या तलावात बुडी शिकलो तेव्हा हीच माणसं बरी वाटायची. इथे आल्यापासून बोटीवरून वेफर्सची पाकिटं सरळ पाण्यात जातात. एकानं तळाचा शंख उपटून आणला. त्याच्यात जीव होता, तो आता खोलीत मेलाय आणि सगळ्या मजल्याला कुजका वास सुटलाय. टाकून दे म्हटलं तर त्यानं शंखावर सेंट मारला. आता कुजक्या वासात सेंटचा वास मिसळलाय आणि जेवण जात नाही. आणि हे लोक हिंजवडीत बसून जगाला सॉफ्टवेअर विकतात!

सुदर्शन तसा नाही हो. तुमचे होणारे जावई म्हणून सांगत नाही, पण टीम लीड म्हणून सगळं तोच सांभाळतोय. त्यानं अमेरिकेहून आणलेले दोन डाइव्ह कॉम्प्युटर आहेत ना, त्यातला एक त्याच्या हातात आणि साखरपुड्याला मला दिलेला माझ्या हातात. लोक अंगठी देतात, आमचे हे कॉम्प्युटर देतात. पण यंत्र खरंच छान आहे. किती खोल आहोत, किती वेळ झाला, आधीच्या बुडीतला किती नायट्रोजन अंगात शिल्लक आहे, सगळा हिशेब तेच ठेवतं आणि वेळ संपली की ओरडतं.

आता रागवू नका. तुम्ही दिलेलं खोली मोजायचं डेप्थ गेज, घड्याळ आणि किती खोलीवर किती वेळ राहायचं तो प्लॅस्टिकचा तक्ता मी शालूला वापरायला दिलाय. शालू आमच्या टीममधली सगळ्यात नवी मुलगी, कात्रजची. तिची आई तिथे मेस चालवते. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला शिकवलं होतं ना, आकडा एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, ते मी तिला शिकवलंय. बुडीआधी बोटीवर आम्ही दोघी तसं ओरडतो. सुदर्शन हसतो. तुमच्या गेजला तो म्युझियममधली वस्तू म्हणतो, पण प्रेमानं.

उद्या दोन बुड्या आहेत. पहिली सकाळी, दुसरी जेवणाआधी. माझा एक कान जरा दुखतोय. काकूंना सांगू नका.

तुमची,
पूर्वा


विश्रांतवाडी, पुणे
२१ फेब्रुवारी २००६

चि. पूर्वास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं बेटावरचं पत्र आज आलं. पत्रातली बुडी व्हायची आहे आणि इकडे आम्हाला तिचा शेवट कळून आठवडा झाला. टपालखात्याचा हा विनोद मला आवडला नाही.

तू पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या इस्पितळात त्या शालूपाशी थांबली आहेस, तिचे पाय लुळे पडलेत आणि तिला दाबाच्या कोठीत ठेवतात, हे तुझ्या आईकडून कळलं. कोठी कशी असते ते मला माहीत आहे. दोनदा आत बसलोय. सोडावॉटरची बाटली फसकन उघडली की फेस येतो, तसं रक्तातल्या नायट्रोजनचं होतं. कोठीत घालून बाटलीला पुन्हा बूच लावतात आणि सावकाश उघडतात. बऱ्याच जणांचे पाय परत येतात. तिला सांग.

पण तुला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चहा गोड लागणार नाही. मी तुला गेज, घड्याळ आणि तक्ता दिला तो कशासाठी? यंत्र बंद पडलं तर हाताशी दुसरं असावं म्हणून. तू काय केलंस? स्वतःकडे नुसतं यंत्र ठेवलंस आणि तिला नुसतं गेज दिलंस. म्हणजे दोघीही लंगड्या. दान करायचं तर आपल्या अंगावरचं पांघरूण करू नये.

परवा सुदर्शन येऊन गेला. आल्या आल्या जयभीम म्हणाला, खुर्ची सोडून माझ्या पायाशी सतरंजीवर बसला. डोळ्यांत पाणी होतं पोराच्या. म्हणाला, "काका, मी माझा स्वतःचा कॉम्प्युटर काढून शालूच्या हातात बांधला. म्हटलं, तिला जुन्या गेजवर पाठवायला नको. पण ती घाबरली आणि सुसाट वर आली. मी काय करणार?" त्यानं ते यंत्र मला दाखवलं. वर येताना वेग फार झाला म्हणून बाण लुकलुकतो, तो त्यात साठवलेला आहे. मी पाहिला. वेगानं वर आली हे खरं आहे.

तो यंत्र माझ्याकडेच ठेवून गेलाय. म्हणाला, "कंपनीत चौकशी आहे, ऑफिसात राजकारण फार. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाकडे राहू दे." जाणता वगैरे म्हणायची गरज नव्हती, पण बरं वाटलं. काकूसाठी बर्फीचा डबाही आणला होता.

शालूची आई गोदाबाई काल कात्रजहून दोन बस बदलून आली. माझ्या पाया पडायला लागली. मी नौदलात होतो हे तिला कुणीतरी सांगितलेलं. विचारत होती, माझ्या पोरीचं काय चुकलं? मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे. सांगितलं, बाई, तुमची मुलगी घाईनं वर आली. वाईट वाटलं, पण सत्य ते सत्य.

तू आता परत ये. मुलगी चांगल्या हातांत आहे. एप्रिलमध्ये तुझं लग्न आहे, विहाराचा हॉल ठरलाय, आणि तुझा नवरा मुलगा इथे एकटा सगळं निस्तरतोय.

तुझा,
तात्याकाका


पोर्ट ब्लेअर
२६ फेब्रुवारी २००६

तात्याकाका,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी ते चुरगाळलं, मग पुन्हा सरळ केलं. कारण तुम्हाला उत्तर द्यायचं तर ओळ न् ओळ समोर हवी.

गोदाबाईंना तुम्ही ते का सांगितलंत हो? त्याच संध्याकाळी त्यांनी इथे वॉर्डात फोन केला. सिस्टरनी फोन पलंगापाशी आणून दिला. पलीकडून आई रडत विचारत होती, घाई कशाला केलीस गं. शालूनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेव्हापासून तिनं एकच वाक्य धरलंय, माझंच काहीतरी चुकलं असेल. तिला लघवीची संवेदना नाही, काका. नळी लावली आहे. तेवीस वर्षांची मुलगी आहे, आणि चूकही तिचीच!

आता मी काय पाहिलं ते ऐका. हे मी आईलाही सांगितलेलं नाही, कारण माझी खात्री होत नव्हती. खरं सांगायचं तर खात्री करून घ्यायची इच्छा होत नव्हती.

सकाळच्या बुडीला आम्ही सगळे वीस मीटरच्या आसपास होतो. सुदर्शनला खाली एक मोठा पाकट मासा दिसला. त्याच्या मागे तो एकटाच खोल गेला, चाळीसच्या पलीकडे. परत येताना अंगातला नायट्रोजन सुटायला मधे थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. बोटीवर आल्यावर त्याचा कॉम्प्युटर लॉक झाला होता. त्या यंत्रांचं तसंच असतं. तुम्ही नियम मोडलात की ती एक दिवस तुमच्याशी बोलत नाहीत, म्हणजे त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. आमच्या गाइडला ते दिसलं असतं तर त्यानं सुदर्शनला बोटीवरच बसवला असता.

मी कानाच्या दुखण्यानं आडवी झाले होते. सुदर्शन बोटीच्या मागच्या टोकाला पाठमोरा बसला होता. हातात रुपयाचं नाणं होतं. मला वाटलं, कॅमेऱ्याचं झाकण उघडतोय. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, तू दुसऱ्या बुडीला येत नाहीस ना, मग तुझा कॉम्प्युटर दे. मी दिला. मग त्यानं शालूला हाक मारली. तिच्या हातातलं तुमचं गेज आणि घड्याळ काढलं आणि म्हणाला, "हा कचरा काढ गं. दोन-दोन आकडे बघून कन्फ्यूज होशील. हा घे, लेटेस्ट आहे." आणि स्वतःचा कॉम्प्युटर तिला बांधला. केवढी ऐट वाटली होती तिला! लीडनं स्वतःच्या हातातलं काढून दिलं.

तिनं तो मला दाखवला. म्हणाली, "पूर्वाताई, याच्यात एक जानेवारी दाखवतंय." मी म्हणाले, "हॅपी न्यू इयर." आम्ही दोघी हसलो. मी टेस्टर आहे, काका. चुका शोधायचा पगार घेते. तारीख पुसली गेलेली डोळ्यांसमोर होती आणि मी विनोद केला.

ऑफिसात मशीन अडकलं की आम्ही काय करतो? रीस्टार्ट. कारण शोधायचं नाही, बंद करून चालू करायचं. सुदर्शन हे दिवसातून दहा वेळा सांगतो. त्यानं तेच केलं. नाण्यानं झाकण फिरवलं, बॅटरी काढली, परत घातली. यंत्र सगळं विसरलं. सकाळची बुडी झालीच नाही असं त्याला वाटायला लागलं. ते विसरलेलं यंत्र त्यानं शालूला दिलं आणि ज्याला सकाळची बुडी आठवत होती ते, माझं, स्वतःच्या हातात बांधलं. कुठलं कुणाला द्यायचं ते त्यानं नीट निवडलं.

माझा कॉम्प्युटर आता माझ्यापाशी आहे. दुसरी बुडी त्यात आहे. वेळ संपल्यावर तो ओरडला आणि सुदर्शन वर आला. शालूच्या हातातलं यंत्र म्हणत होतं, अजून खूप वेळ आहे. ती त्याच्यावर विश्वास ठेवून त्याच खोलीवर जवळजवळ दुप्पट वेळ राहिली. सिलिंडर संपत आलं तेव्हा वरचा थोडा टप्पा ती भरभर आली असेल. तेवढाच तुम्हाला तो बाण दिसला. इथल्या डॉक्टर मॅडम म्हणतात, वर येण्याच्या वेगानं एवढं होत नाही, ही खालीच फार वेळ राहिली.

तुमचं गेज मला नंतर बोटीवरच्या टोपलीत सापडलं, केळ्याच्या सालींखाली.

काका, ते यंत्र तुमच्या घरी आहे. डावीकडचं बटण दोनदा दाबा, कितवी बुडी ते दिसेल. तारीखही दिसेल. बॅटरीला मात्र कुणाला हात लावू देऊ नका. ती पुन्हा निघाली तर उरलंसुरलंही जाईल. कंपनीच्या अहवालात शालूची चूक लिहिली जाणार आहे, असं मला मेल आलंय. तिच्या आजारपणाचं पुढे काय, नोकरीचं काय, सगळं त्या एका वाक्यावर आहे.

तुम्ही मला परत बोलावलंत. मी येणार नाही. तिला हे सगळं सांगायचं की नाही ते तुमचं उत्तर आल्यावर ठरवेन.

पूर्वा


विश्रांतवाडी, पुणे
७ मार्च २००६

चि. पूर्वास,
जयभीम.

मी गाढव आहे. हे वाक्य मी लिहून काढलं, काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिनं पद्धतीप्रमाणे ते परत म्हटलं. तेव्हा त्यात आता चूक नाही.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. मी कपाट उघडलं. यंत्र स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, जावयाची ठेव म्हणून. डावीकडचं बटण दोनदा दाबलं. काकूनं चष्मा लावला आणि वाचलं, "बुडी एक." मी म्हटलं, "एक." ती म्हणाली, "तारीख एक जानेवारी." मी म्हटलं, "एक जानेवारी." फेब्रुवारीत, त्या दिवसातली दुसरी बुडी, आणि यंत्र म्हणतंय पहिली!

आणि पूर्वा, हा एकचा आकडा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. सुदर्शननं यंत्र पुढे धरलं तेव्हा बाणाच्या शेजारीच होता. पण मी तो वाचला नाही, कारण असल्या खेळण्यांवर आपला विश्वास नाही अशी माझी मिजास. ज्याला नावं ठेवायची ते आधी वाचावं तरी, एवढी अक्कल या वयात यायला हवी होती. त्या पोरानं मला जाणता म्हटलं, जयभीम म्हणाला, सतरंजीवर बसला, आणि मी लोण्यासारखा विरघळलो. त्याला पुण्यात यंत्र ठेवायला सगळ्यात सुरक्षित जागा कुठली सापडली? जो म्हातारा आपल्याला सगळं कळतं असं समजतो त्याचं कपाट.

ऐक पुढचं. त्याच संध्याकाळी तो आला. हॅवलॉकच्या डाइव्हवाल्यानं कंपनीला लिहिलंय की यंत्र पाठवा, आतली माहिती उतरवून घेऊ. म्हणून धावला. दारातूनच म्हणाला, "काका, त्याची बॅटरी लो झाली असेल. बदलून देतो, दोन मिनिटांचं काम." एका हातात नवी बॅटरी आणि दुसऱ्या हातात रुपयाचं नाणं.

मी म्हटलं, "नाणं खिशात ठेव आणि बस. सकाळी तू किती खोल गेला होतास?"

"ती माझी पर्सनल डाइव्ह होती, काका. तिचा इथे काय संबंध?"

"मग तुझं पर्सनल यंत्र पोरीच्या हातात कशाला बांधलंस?"

त्यानं नाणं खिशात टाकलं. मला वाटलं, आता रडेल, पाय धरेल. मी काय करायचं तेही ठरवत होतो. पण तो खुर्चीवर बसला, सतरंजीवर नाही, आणि मला समजावायला लागला. "काका, प्रॅक्टिकल विचार करा. क्लायंट माझ्या नावावर आहे. चाळीस लोकांचा प्रोजेक्ट आहे. शालू फ्रेशर आहे, तिच्या जागी आठवड्यात दुसरी मिळते. आम्ही तिला काढणार नाही, बेंचवर ठेवू, काम न देता नुसत्या पगारावर. अहवालात मानवी चूक म्हटलं की कुणाचंच नुकसान नाही. आणि हे बाहेर आलं तर पूर्वाचंही लग्न मोडेल, ते तुम्हाला चालेल?"

पूर्वा, मी नौदलात पाण्यातून फुगलेली प्रेतं काढली आहेत. हातमोजे घालून काढली आणि नंतर जेवलोही. पण माझ्या खुर्चीत बसलेला हा दाढी केलेला, सुगंधी पोरगा बघून मला मळमळलं. तू त्या शंखाचं लिहिलं होतंस ना, वरून सेंट मारलेल्या, ते आठवलं.

काकू आतून आली. तिच्या हातात बर्फीचा डबा. म्हणाली, "हा घेऊन जा. अर्धी आम्ही खाल्ली, त्याला आता इलाज नाही." त्यानं डबा घेतला नाही. काकूनं तो त्याच्या चपलांवर ठेवला आणि दार उघडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कात्रजला गेलो. गोदाबाई मेसमध्ये भाकऱ्या करत होती. मी तिला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो, तुमच्या मुलीनं घाई केली नाही, तिला फसवं यंत्र दिलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. माझी पोर कंदी घाईची न्हाई. पन तुमी शिकल्यालं मानूस हाय, तुमी म्हनला म्हून मी तिला बोल लावला. आजारी लेकराला बोल लावला मी." ती रडली नाही. मला जेवायला बस म्हणाली. मी बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून हिंजवडीला गेलो. गेटवरच्या माणसानं डबा उघडा म्हटलं. म्हटलं, उघडतो, पण हात लावायचा नाही. गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवून काचेच्या खोलीत बसवलं. चौकशीतल्या तिघांपैकी एक बाई म्हणाल्या, "थँक यू सर, ठेवून जा, आम्ही बघू." मी म्हटलं, "मी बटण दाबतो. तुमच्यातल्या एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं आणि तिसऱ्यानं लिहायचं. तेवढं झालं की जातो." आधी एकमेकांकडे बघून हसले. मग वाचलं. एक जानेवारीपाशी हसणं थांबलं. तुझ्या हातातल्या यंत्राचंही सांगितलं. ते तू स्वतःच्या हातानं आणून दाखव, कुरियर करू नकोस.

शालूला सांग. आज सांग. आणि माझ्या वतीनं तिची माफी माग.

लग्नाचं तुझं तू ठरव. मी हॉलवाल्याला अजून काही कळवलेलं नाही. त्या मुलाला आधी मीच पसंत केला होता, त्यामुळे आता मत द्यायचा मला हक्क उरलेला नाही.

तुझा,
तात्याकाका


पोर्ट ब्लेअर
२३ मार्च २००६

तीर्थरूप तात्याकाका आणि काकू,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी शालूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबर वाचत होते ना, ताई? त्याच्यावर वेळ शिल्लक होता ना?" मी म्हटलं, शिल्लक दाखवत होतं. ती म्हणाली, "शिल्लक दाखवत होतं." मग चादर तोंडावर घेऊन इतकी रडली की सिस्टर धावत आल्या. आता ती रोज दोन दांड्यांच्या मधून चालायचा सराव करते. डावा पाय चांगला उचलते. उजवा अजून ओढावा लागतो. डॉक्टर मॅडम म्हणतात, वेळ लागेल, किती ते सांगत नाहीत. नळी मात्र काढली. तुमची माफी तिनं ऐकली आणि म्हणाली, काकांना सांगा, गेज मी परत देणार नाही. ते तिच्या उशाशी असतं.

गेल्या आठवड्यात मी दोन दिवस कंपनीच्या चेन्नईच्या ऑफिसात जाऊन तिथे आलेल्या चौकशीच्या लोकांना माझा कॉम्प्युटर दाखवून आले. तुम्ही सांगितलंत तसंच, बटण मी दाबलं आणि त्यांना वाचायला लावलं. सोमवारी अहवाल आला. शालूची चूक नाही असं लिहिलंय. नोकरी राहील, उपचारही कंपनी करेल. हे तुमच्या डब्यामुळे झालं, आणि गोदाबाईंना तुम्हीच जाऊन सांगा.

पण हा अहवाल वाचून हात धुवावेसे वाटतात. सुदर्शनचं नाव त्यात एकदाच आहे. 'उपकरणाच्या हाताळणीत त्रुटी' एवढं त्याच्या गुन्ह्याचं नाव. त्याला त्या प्रोजेक्टवरून काढलं आणि दुसऱ्या प्रोजेक्टवर ऑनसाइट पाठवतायत, न्यू जर्सीला. निरोपाची पार्टी झाली. माझ्याच टीमनं केक कापला. फोटो सगळ्यांना मेल केलेत, मलाही. चेहऱ्यावर क्रीम लावलेला तो मधे हसतोय आणि भोवती तेच सगळे, ज्यांनी त्याला बोटीवर नाणं फिरवताना पाहिलं असेल. निदान तिघांनी तरी पाहिलं असणार, काका, बोट केवढीशी होती. चौकशीत एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांच्यात परत जाऊन मी बसणार नाही. राजीनामा पाठवलाय. पुढचं पुढे बघू.

सुदर्शनचंही मेल आलंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. लिहितो की दोघांकडूनही चुका झाल्या. दोघांकडूनही! काकांचा मान राखून तो गप्प बसला, नाहीतर त्यालाही बोलता आलं असतं. आणि शेवटी लिहितो, 'जे झालं ते डोक्यातून काढून टाक. असं समज की आपण आजच भेटलोय. एप्रिल अजून हातात आहे. लेट्स रीस्टार्ट.'

काका, तो माझ्यापाशीही नाणं घेऊन आलाय.

तेव्हा हॉलवाल्याला नाही म्हणून कळवा. पत्रिका छापल्या असतील तर काकूंना म्हणावं, मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहा. साखरपुड्याला त्यानं दिलेला कॉम्प्युटर मी इथल्या पोस्टातून त्याच्या आईच्या पत्त्यावर पाठवते आहे. बॅटरी आत ठेवूनच पाठवते, म्हणजे त्यातलं सगळं त्यात राहील.

मेलला मी एका ओळीचं उत्तर लिहिलं. पाठवायच्या आधी शालूला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिनं ते परत म्हटलं.

सकाळची बुडी माझ्या लक्षात आहे.

तुमची,
पूर्वा